चारशेपन्नास एक्सप्रेस आणि पाव वाटी रवा

माझी बायको वसुधा गेल्याचं कळलं त्या सकाळी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. ती एडिसनला धाकट्या बहिणीकडे, सुमित्राकडे, आठवडाभर राहायला गेली होती. घरात फोन वाजला म्हणून फावडं तिथेच बर्फात रोवून आत गेलो. सुमित्रा बोलत होती. झोपेतच गेली, म्हणाली. मी म्हणालो, "बरं." अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलो.

दुपारी एअरपोर्टला जायला बाहेर आलो तर ड्राइव्हवे स्वच्छ. बर्फ दोन्ही कडेला नीट रचलेला आणि माझं फावडं गराजच्या दाराला टेकवून ठेवलेलं. शेजारच्या हॅरल्डनं केलं होतं. काय झालंय ते त्याला ठाऊक नव्हतं. अर्धवट उपसलेला बर्फ त्याला बघवत नाही, एवढंच. हॅरल्ड या गोष्टीत पुढे येणार आहे म्हणून इथेच ओळख करून दिली.

ते मार्चमध्ये. नवरात्र जवळ आलं तसा सुमित्राचा परत फोन आला.

"भावोजी, दसऱ्याचा बार कोण काढणार?"

मी म्हणालो, "कुठला बार?" खरं तर कुठला ते मला पक्कं ठाऊक होतं.

"मुद्दाम विचारताय. बंदूक तुमच्या घरात आहे. ज्याच्या घरात बंदूक त्यानं बार काढायचा. आजोबांपासून एक दसरा चुकलेला नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून काढला होता."

"लागली कुणाला?"

"कोंबडीला. पण चुकला नाही."

हे थोडं समजावून सांगायला हवं. वसुधाचं माहेर इनामदारांचं. तिच्या आजोबांनी विलायतेहून एक रायफल मागवली होती, एकनळी, चारशेपन्नास एक्सप्रेस. एक्सप्रेस म्हणजे त्या काळच्या हिशेबानं गोळी आगगाडीसारखी सुसाट जायची म्हणून. आजच्या हिशेबानं ती पॅसेंजर आहे. पण बोटाएवढं लांब काडतूस, आत काळी दारू आणि वर अंगठ्याएवढी शिशाची गोळी. या काडतुसाचा उपयोग म्हणजे ज्वारीत शिरणारी रानडुकरं, सांबर, आणि आजोबांच्या सांगण्यानुसार एक बिबट्या. बिबट्या कुणी पाहिला नव्हता. पुढे शिकार बंद झाली, बार राहिला. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की दुपारी बंदूक माळावर न्यायची, ज्याच्या हातून ती आपल्या हातात आली त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि एक बार काढायचा. एकच. इनामदारांना मुलगा नव्हता, म्हणून बंदूक थोरल्या मुलीकडे आली. ती अमेरिकेत कशी आली त्या हकिकतीत दोन देशांचे कस्टमवाले आहेत. ती सोडून देतो.

दर दसऱ्याला वसुधा नऊवारी नेसून, वर माझा पार्का चढवून, योर्कव्हिलच्या पलीकडे तिच्या लायब्ररीतल्या मैत्रिणीच्या मक्याच्या शेतात उभी राहायची. "गुरुदत्त इनामदार!" असं वडलांचं नाव घ्यायची आणि चाप ओढायची. मग एवढा धूर की ती दिसायची नाही. मी मागे कानात बोटं घालून उभा. आपटा इथे मिळत नाही म्हणून सोन्यासाठी इथल्या रेडबड झाडाची पानं आणायचं काम माझ्याकडे होतं. या समारंभातलं माझं सगळं कर्तृत्व ते.

आता वसुधाचं नाव मी घ्यायचं होतं. मार्चपासून ते नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं. 'दीपाची आई', 'माझी मिसेस', 'ती' एवढ्यावर भागत होतं. बँकेत, डॉक्टरकडे, मंडळात, सगळीकडे. नाव घ्यायची वेळ आली की मी खोकायचो.

सुमित्रा म्हणाली, "ताईचं नाव घेऊन बार निघाला पाहिजे, भावोजी. नाहीतर तिच्यापाशीच थांबला असं होईल."

मी म्हणालो, "निघेल." आणि फोन ठेवला. ठेवल्यावर आठवलं की काडतूस संपलं आहे. शेवटचं तिनं गेल्या दसऱ्याला उडवलं होतं आणि म्हणाली होती, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

मी पंपांचा इंजिनिअर. शहरांच्या पाण्याचे पंप. बंदुकीचं मला काही कळत नाही. पण काय सांगू, त्या रात्री मार्चनंतर पहिल्यांदा मला भूक लागली. काम होतं! तारीख ठरलेली, माल संपलेला आणि काहीच माहिती नाही. अशा कामावर तर मी आयुष्य काढलं.

पहिला सल्ला नरेंद्रनं दिला. नरेंद्र अणुभट्टीवर इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला सगळ्यातलं कळतं. त्याची बायको पद्मिनीवहिनी शनिवारी मला डबा आणून द्यायची आणि तिच्याबरोबर नरेंद्र सल्ला आणून द्यायचा.

"यार, कशाला एवढा खटाटोप? एक लवंगी लाव, नाव घे, मोकळा हो."

चौकशी केली तर कळलं की इलिनॉयमध्ये लवंगी फटाक्याला बंदी आहे. चारशेपन्नास एक्सप्रेसला नाही. तिला फक्त सरकारी परवान्याचं कार्ड लागतं. बंदूकच काय, काडतूस घरात ठेवायलाही कार्ड. वसुधाकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. म्हणजे कायद्यानं मी मार्चपासून माझ्याच बेसमेंटमध्ये संशयित होतो.

मी कार्डाच्या ऑफिसला फोन केला. बाई फार सभ्य होत्या. म्हणाल्या, "सर, पर्पज? हंटिंग की टार्गेट?"

मी म्हणालो, "रिलिजस."

पलीकडे मग कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलणं. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही कशावर तरी गोळी झाडणार आहात का?"

"नाही, नाही. पश्चिमेला."

"पश्चिमेला काय आहे?"

"मका."

त्यांनी टार्गेट लिहिलं. मला वाईट वाटलं. पण कार्ड आलं. फोटोत मी असा दिसतो की स्वतःलाच बंदूक दिली नसती. दीपा, माझी मुलगी, अर्बानाला शिकते. तिला कौतुकानं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट अ नॉर्मल हॉबी."

"हॉबी नाही गं. आईचं आहे."

ती मग म्हणाली, "ओके. बट वेअर गॉगल्स."

आता काडतूस. दुकानात गेलो. दुकानदारानं नाव ऐकून टोपी काढली आणि डोकं खाजवलं. विलायतेत ही काडतुसं बनवणं केव्हाच थांबलं, म्हणाला. मग लोक काय करतात? लोक उडवलेल्या काडतुसाची जुनी पितळी पुंगळी घेतात, तिच्या बुडातली ठिणगी देणारी वापरलेली टोपी काढतात, नवी बसवतात, दारू भरतात, वर गोळी ठोकतात. रीलोडिंग म्हणतात. आणि तुमच्या नेपरव्हिलमध्येच एक माणूस आहे, जुन्या ब्रिटिश काडतुसांचा वेडा. हॅरल्ड का कायसं नाव.

मी गाडी एवढ्या जोरात घरी आणली की कार्ड मिळाल्याच्या आठवड्यातच पोलिसानं थांबवलं.

हॅरल्ड इन्शुरन्समधून रिटायर झालेला. इतकी वर्षं शेजारी राहून त्याच्या बेसमेंटमध्ये मी कधी उतरलो नव्हतो. खाली काचेची कपाटं आणि कपाटांत काडतुसं, जशी आपल्याकडे चांदीची भांडी मांडतात तशी. हत्तीचं काडतूस, गव्याचं, हरणाचं. प्रत्येकापुढे चिठ्ठी. हा माणूस इंग्लंडला कधी गेलेला नाही, पण इंग्रजांचं राज्य गेलं याचं इंग्रजांपेक्षा त्याला जास्त वाईट वाटतं.

मी म्हणालो, "हॅरल्ड, माझ्याकडे एक चारशेपन्नास एक्सप्रेस आहे."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "प्रॅल," तो म्हणाला. प्रल्हादचं त्यानं इतक्या वर्षांत एवढंच केलं आहे. "ती माझ्या शेजारी होती? सगळा वेळ?"

"कपड्यांच्या कपाटात. रजईच्या मागे."

त्याचे डोळे भरून आले. मग तो उठला, माझा हात धरला आणि म्हणाला, "मला खरं सांग. किती वाघ?"

मी सांगितलं की मी सांगलीचा आहे, शाकाहारी आहे, वाघ मी ब्रूकफील्डच्या प्राणिसंग्रहालयात पाहिला. तो हसला. नम्रपणा, म्हणाला. त्या दिवसापासून मी काहीही म्हटलं तरी तो डोळा मारायचा. तिकीट काढून पाहिलेल्या वाघासाठी असा मान मिळणं फार अवघड असतं. नाकारताही येत नाही.

पुंगळ्यांची मला काळजी नव्हती. वसुधाच्या माहेरी पितळेची वस्तू टाकून देत नसत. तिनं दर वर्षीची रिकामी पुंगळी चकलीच्या डब्यात जपून ठेवली होती. मी डबा उघडला तर सगळ्या काळ्या पडलेल्या. आता दसऱ्याचं काम, हॅरल्डसारख्या माणसाला दाखवायचं, आणि पितळ असं काळं? मी शनिवारची अख्खी सकाळ बसलो. आधी चिंच आणि मीठ. मग बाजारातलं पॉलिश, ते नाकाला झोंबणारं, आतून बाहेरून चोळून. अशा लखलखल्या की समईशेजारी ठेवाव्यात. पद्मिनीवहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या हाताला काय गुण आहे हो! आमची गणपतीची भांडी पण द्यायला हवीत तुमच्याकडे."

मी त्या ताटात मांडून, वर रुमाल टाकून हॅरल्डकडे नेल्या. रुमाल काढला. तो वाकला. त्यानं वास घेतला.

"प्रॅल, हे काय केलंस?"

"साफ केलं."

"अमोनिया!" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मुलाचा रिझल्ट पाहणाऱ्या बापाचा भाव होता. त्या पॉलिशमधला अमोनिया पितळाला ठिसूळ करतो, म्हणाला. त्यानं एक पुंगळी पकडीत धरून हलकेच दाबली. कट्. पापडासारखी. दुसरी दाबली. कट्. मी म्हणालो, "पुरे, कळलं." पण तो शास्त्रीय माणूस, सगळ्या दाबून बघितल्या. माझ्या समोर माझी शनिवारची सकाळ कटकट मोडली. त्यात सगळे दसरे होते, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

घरी येऊन देवासमोर बसलो. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं, ओव्हनच्या वरचं कपाट. इथे सगळ्यांचं साधारण असंच असतं, देव आणि ओव्हन एकाच मजल्यावर. उदबत्ती लावायला हात पुढे केला आणि उदबत्तीच्या घराकडे लक्ष गेलं. उदबत्तीचं घर म्हणजे तांदूळ भरलेली पितळी पुंगळी. गेल्या दसऱ्याची. जुनं घर फुटलं म्हणून वसुधानं तात्पुरती ठेवली होती. काळी, राखेनं माखलेली, पॉलिशचा हात न लागलेली!

मी तांदूळ ओट्यावर उपडे केले आणि चपला न घालता हॅरल्डच्या दारात गेलो. त्यानं ती दिव्याखाली फिरवली, दाबली, कानाशी धरून टिचकी मारली. मग म्हणाला, "प्रॅल, ही लेडी ठीक आहे." आम्ही एकमेकांशी हात मिळवले. त्याची बायको वरून ओरडली, "हॅरल्ड, कुणाला मुलगा झाला का?"

आता बुडातली जुनी टोपी काढायची. हॅरल्डनं आपलं यंत्र आणलं. त्याची सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. अमेरिकन पुंगळीच्या बुडाला आतून मधोमध भोक असतं, त्यातून सुई घालून टोपी ढकलतात. विलायती पुंगळीत मधोमध टेंगूळ आणि भोकं बाजूला. म्हणजे एका भाषेत लिहून दुसऱ्या भाषेत वाचल्यासारखं. बघायला आलेला नरेंद्र म्हणाला, "यार, मागून ड्रिल कर." हॅरल्डनं त्याच्याकडे असं पाहिलं की नरेंद्र घड्याळ बघायला लागला.

"एक उपाय आहे," हॅरल्ड म्हणाला. "पुंगळी पाण्यानं काठोकाठ भरायची. तोंडात घट्ट बसेल असा लाकडी दांडा घालायचा. वरून हातोडा. पाणी दाबलं जात नाही, मग ते टोपीला ढकलतं."

मी उभाच राहिलो. पाणी! दाब! अहो, हे तर माझं! तो बोलत होता तोवर मी त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन दाब काढायला सुरुवात केली होती. इतके दिवस मी त्या बेसमेंटमध्ये वाघ मारणारा म्हणून खोटा मान घेत होतो. आता खरा मिळणार होता.

हॅरल्डच्या बायकोनं पाण्याला बेसमेंटची परवानगी नाकारली म्हणून कार्यक्रम माझ्या स्वयंपाकघरात झाला. मी दांडा स्वतः कानशीनं घासून बेताचा केला. पद्मिनीवहिनी, नरेंद्र, हॅरल्ड, आणि सुट्टीला घरी आलेली दीपा. सगळ्यांनी गॉगल घातले. वहिनींनी गॉगलवरून चष्मा घातला.

"बाबा, टॅप इट जेंटली," दीपा म्हणाली.

"मला शिकवू नकोस. हे पाणी आहे," मी म्हणालो आणि हातोडा मारला.

दाब माझ्या हिशेबापेक्षा जरा जास्त निघाला. पाणी दांड्याच्या बाजूनं असं उसळलं की नरेंद्रचा गॉगल कपाळावर गेला. छतावर ठिपका पडला, तो अजून आहे. पण खालून खण्ण! जुनी टोपी बेसिनमध्ये नाचत होती. हॅरल्ड टाळ्या वाजवायला लागला. दीपानं मला मिठी मारली. वहिनी पदरानं नरेंद्रचं तोंड पुसत म्हणाल्या, "झालं एकदाचं. आता चहा टाकते."

पुढचं भराभर झालं. नवी टोपी हॅरल्डच्या साठ्यातली. शिशाची गोळी त्यानं स्वतः ओतली, माझ्या हातात ऊन ऊन दिली. काळी दारू त्यानं मोजली. किती ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मग तो म्हणाला, "आजोबांची बंदूक म्हातारी आहे, तिला पूर्ण भार नको. दारू कमी घालू. पण काळ्या दारूच्या आणि गोळीच्या मध्ये रिकामी जागा राहिली तर नळी फुटते. म्हणून मध्ये हे भरायचं." आणि त्यानं नाश्त्याच्या लापशीचा एक खोका टेबलावर ठेवला.

मी खोका उघडून चिमूट घेतली. "हॅरल्ड, हा रवा आहे."

"हे फिलर आहे."

"हा रवा आहे. आमच्या घरी याचा शिरा होतो. आणि हा रवा चांगला नाही, जुना आहे." इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा त्याच्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत होतं, ते मी सोडणार नव्हतो. "रवा मी आणतो."

त्यावरून शनिवारी आमच्याकडे चर्चासत्र झालं. नरेंद्रचं मत जाड रवा, कारण कणांमधून हवा खेळते. माझं मत बारीक, कारण हवा खेळायला नकोच आहे. वहिनी म्हणाल्या, "बारीकच हवा. जाड रव्याचा उपमा करतात. कुणाच्या नावानं उपमा करतात का?" हा मुद्दा बिनतोड होता. "किती हवाय?"

"चमचाभर."

"मी पाव वाटी देते. तुम्ही सांडाल."

मंगळवारी त्यांनी स्टीलच्या डबीत रवा आणून दिला. मी झाकण उघडलं. छान खमंग वास आला. भाजलेला होता. मला वाटलं, बरं झालं, भाजला म्हणजे ओल नाही. हॅरल्डनंही हुंगला. "नटी," तो म्हणाला आणि मान डोलवली. आम्ही दोघांनी मिळून रवा भरला, ठासला, वर गोळी बसवली. काडतूस तयार झालं. काय सांगू! मी ते हातात घेऊन बेसमेंटमध्ये येरझाऱ्या घातल्या. हॅरल्ड म्हणाला, थंड कोरड्या जागी ठेव. मी मान हलवली आणि घरी येऊन देवघरात उभं करून ठेवलं. त्याची पूजा व्हायची होती, बेसमेंटमध्ये फावड्याशेजारी कसं ठेवणार? नवरात्र, घरात दीपा, रोज ओव्हनमध्ये काही ना काही. वरच्या कपाटात छान ऊब असायची.

यंदा दसरा रविवारी आला. अमेरिकेत ही फार मोठी चैन आहे, नाहीतर दसरा कामावरच जातो. मंडळानं हॉलसाठी आदल्या दिवशीच दसरा उरकला होता, त्यामुळे आमच्या दसऱ्याला कुणी आडवं आलं नाही. आम्ही दोन गाड्यांनी योर्कव्हिलला गेलो. मका काढून झाला होता. आभाळ स्वच्छ. सुमित्रानं बजावलं होतं, बार टेपवर घेऊन मला फोनवरून ऐकवा, म्हणून दीपाच्या हातात टेपरेकॉर्डर. हॅरल्ड टाय लावून आला होता आणि छातीवर कुठलीशी पदकं, त्याच्या वडलांची. पद्मिनीवहिनी पैठणी नेसल्या होत्या. रेडबडची पानं मी विसरलो होतो. तेवढंच माझं काम, आणि तेच विसरलो.

मी बंदूक खांद्याला लावली. हॅरल्डनं माझी कोपरं नीट केली, पाय नीट केले, पश्चिमेला कुणी नाही ना ते दुर्बिणीतून पाहिलं. "वाघ नाही," तो म्हणाला आणि डोळा मारला. मग मागे सरकला.

आता नाव. मला वाटलं होतं, मी खोकेन. घशात खोकला आलाही. पण खांद्याला दस्ता टेकलेला असताना खोकणं धोक्याचं असतं, हॅरल्डनं तसं सांगितलं होतं. म्हणून मी तो गिळला आणि ओरडलो,

"वसुधा!"

शेत मोकळं होतं. आवाज दूर गेला. मी चाप ओढला.

टक्. आणि मग, सांगायला लाज वाटते, फुस्स.

धूर एवढासा आला, चहाच्या कपातून येतो तेवढा. खांद्याला धक्का नाही. मी बंदूक खाली घेणार तोच हॅरल्ड किंचाळला, "तशीच धर! हलवू नकोस! अजून उडेल!" आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. मी मक्याच्या खुंटांवर बंदूक रोखून होतो आणि वाऱ्याबरोबर वास आला.  मग दीपा म्हणाली,

"बाबा... इट स्मेल्स लाइक शिरा."

खरंच शिऱ्याचा वास होता. साजूक तुपातला, जरा करपलेला.

हॅरल्डनं बऱ्याच वेळानं बंदूक हातात घेतली, उघडली, नळीतून हलकेच गज घातला. गज मध्येच अडला. "गोळी नळीत अडकली आहे," तो म्हणाला. "टोपी उडाली, तिच्या जोरानं गोळी सरकली, पण दारू पेटलीच नाही. ओली झाली असावी. चरबी लागल्यासारखी. प्रॅल, त्यात काय होतं?"

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पैठणीच्या पदराशी खेळत होत्या.

"थोडंसंच तूप," त्या म्हणाल्या. "चमचाभर. कोरडा रवा किडतो हो. आणि..." त्यांनी पदर सोडून माझ्याकडे पाहिलं. "वसुधाच्या नावाचं होतं, भावजी. तिच्या नावाचं कोरडं कसं द्यायचं?"

नरेंद्र म्हणाला, "यार पद्मिनी, काडतुसात तूप?"

"तुम्ही गप्प बसा! तुम्ही जाड रवा म्हणत होतात!"

मला रागवायचं होतं. सगळ्यांसमोर, पदकं लावलेल्या माणसासमोर, फजिती झाली होती. पण काडतूस ओव्हनच्या वर उबेला मीच ठेवलं होतं. तूप वितळून खाली दारूत उतरलं ते माझ्या देवघरात. मी हॅरल्डला हळू आवाजात देवघराचं सांगितलं. त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"दुसरं काडतूस?" दीपानं विचारलं.

"अडकलेल्या गोळीवर दुसरी सोडली तर नळी फुटेल," हॅरल्ड म्हणाला. "आधी ही काढायला हवी. हळूहळू. तेल घालून. घाई केली तर नळी खराब होईल."

संध्याकाळी एडिसनला फोन लावला. दीपानं टेपरेकॉर्डर फोनपाशी धरला. वारा, मग हॅरल्डचं काहीतरी, मग माझा आवाज, मग टक्, फुस्स आणि "तशीच धर!" टेप थांबली.  मी रव्याचं, तुपाचं, ओव्हनचं सगळं सांगून टाकलं. पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला, मला वाटलं सुमित्रा रडते आहे. पण तिला हसू आवरत नव्हतं.

"ताईला शिरा आवडायचाच नाही, भावोजी!" ती म्हणाली. मग म्हणाली, "टेप परत लावा. बार नको. नाव तेवढं लावा."

दीपानं टेप मागे घेतली आणि परत लावली. मग आणखी एकदा लावली.

"नाव बरोबर घेतलंत," सुमित्रा म्हणाली. "आता बाराचं काय ते बघा."

बंदूक हॅरल्डच्या बेसमेंटमध्ये पकडीत आहे. नळीत तेल घातलं आहे. मी रोज संध्याकाळी जाऊन बघतो. गोळी अजून हललेली नाही. बार व्हायचा आहे.